खंडेनवमीच्या ओल्या चादरी

१

घरातली काळजी आधी मला लागते आणि मग मी ती सगळ्यांना वाटते, असं माझा धाकटा भाऊ श्रीहरी म्हणतो. या खंडेनवमीला मात्र काळजी स्वतःच गाठोड्यात बसून आमच्या दारात आली.

आयुधपूजेचा दिवस. म्हैसुरात त्या दिवशी शिलाई मशीनपासून बसपर्यंत प्रत्येक यंत्राला हळद, फुलं आणि सक्तीची सुट्टी. विजयनगरातल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर श्रीहरीची छोटी कंपनी आहे. लॉज आणि होमस्टेच्या खोल्या झाडूनपुसून द्यायच्या, धुतलेल्या चादरी-टॉवेल पुरवायचे, हा धंदा. धुण्याचं काम तो कृष्णराजनगर रस्त्यावरच्या शंभूराव महिंद्रकरांच्या लॉण्ड्रीला देतो. शंभूराव आमच्याच रंगारी समाजाचे, समाजाच्या देवळाचे अध्यक्ष, आणि श्रीहरीला पहिलं काम मिळवून देणारे.

मी भानुमती अंबोरे. कॉलेजात केमिस्ट्री शिकवून निवृत्त झाले आणि भावाच्या कंपनीची बिनपगारी तपासनीस झाले. परदेशी पाहुणे पाठवणाऱ्या एका एजन्सीला खात्री हवी असते, की कंपनीत किंवा तिची कामं करून देणाऱ्यांकडे कोणाला डांबून, धमकावून राबवलं जात नाही. उन्हाळ्यात मी शंभूरावांची लॉण्ड्री बघून आले. बायकांच्या गळ्यात ओळखपत्रं, डोक्यावर पंखे, प्रत्येकीच्या हातात स्वतःचा फोन. मला तिथे खोट काढता आली नाही, आणि खोट काढणं हा माझा आवडता छंद आहे.

तर त्या सकाळी व्हॅनची पूजा झाली. ड्रायव्हर नरसिंहमूर्तीने कोहळा फोडला. आमच्याकडे कोहळ्यात बाजारचं कुंकू भरत नाहीत. माझी भावजय नागरत्ना हळदीत चुना कालवून लाल करते. तो लाल चिखल फाटकापासून पायरीपर्यंत पसरला, आणि येणारा-जाणारा प्रत्येकजण त्यातून चपला तुडवत आला. शंभूराव जेवायला यायचे होते. त्यांच्या बैठकीवर घालायला चादर हवी म्हणून मी मागच्या कोठीत गेले. सकाळी आलेली गाठोडी तिथे रचून ठेवली होती.

मी त्यातलं एक गाठोडं ओढलं. ते पुढे आलं नाही, उलट माझ्यापासून मागे सरकलं.

२

गाठ सोडली तर आत एक मुलगी होती. विशीची असेल. गुडघे हनुवटीला टेकलेले, अंगावरचे कपडे दमट. प्रयोगशाळेत मी आम्लांनी पोळलेले हात पुष्कळ पाहिले आहेत, पण असे नाही. बोटांची साल निघालेली, आणि भेगा इतक्या खोल की बघवेना.

किंचाळू नये म्हणून मी स्वतःचंच तोंड दाबलं आणि तिच्यासमोर खाली बसले. ती मोडक्या हिंदीत बोलू लागली. नाव सुकमनी. झारखंडातून कामाला म्हणून आणलं. पहिल्याच दिवशी फोन आणि आधारकार्ड काढून घेतलं. उंच भिंती, वर फक्त आभाळ, दिवसरात्र हातांनी धुणं. दाराला बाहेरून कुलूप.

"जगह कहाँ है?" मी विचारलं.

"पता नहीं. बंद गाड़ी में लाए थे."

"अकेली निकली?"

तिने मान हलवली. "बहिन अंदर है. छोटी." मग म्हणाली, "गाँठ बाहर से बाँधनी पड़ती है."

मला ते समजायला एक क्षण लागला. दोघींपैकी एकीलाच गाठोड्यात बसता येणार होतं. दुसरीने बाहेर राहून गाठ मारायची होती, आणि ती धाकटीने मारली होती.

"सेठ खाना खाकर आता है. गिनता है," सुकमनी म्हणाली. "फिर बहिन को..."

तेवढ्यात पुढच्या दारातून भरदार आवाज आला. "काय श्रीहरी, पुरणाचे ओबट्टू झाले का? का म्हाताऱ्याला सुम्ने नुसत्या पायसावर वाटेला लावणार?"

सुकमनीने चादरीचा बोळा तोंडात कोंबला आणि डोळे मिटून घेतले. कोणाचा आवाज, हे मला तिला विचारायची गरज पडली नाही. शंभूराव जेवायला आले होते, आणि जेवण झालं की ते मोजायला जाणार होते.

३

मी कोठीला आतून कडी लावली आणि सहनाला फोन लावला. सहना माझी जुनी विद्यार्थिनी, आता पोलीस सब-इन्स्पेक्टर.

"मिस, उद्या जंबूसवारी. सगळी माणसं मिरवणुकीच्या बंदोबस्ताला गेलीत," ती म्हणाली. "मी दोन कॉन्स्टेबल घेऊन येऊ शकते, पण एकाच ठिकाणी. मी लॉण्ड्रीवर गेले आणि त्या बायका दुसरीकडे असल्या, तर तिथवर खबर पोचेल. अर्ध्या तासात कोणी सापडणार नाही."

"मग शंभूरावांनाच धर."

"धरते. पण ते जेवून वेळेवर आले नाहीत तरी त्यांची माणसं सावध होणार. आधी जागा सांगा मिस. नक्की जागा."

मी फोन ठेवला. परीक्षेत मुलांना एकच उत्तर लिहा म्हणून मी वर्षानुवर्षं दटावलं, पण चुकलं तर त्यांचे फक्त मार्क जायचे.

नरसिंहमूर्ती मागच्या अंगणात झेंडूच्या माळा आवरत होता. त्याला मी कन्नडमध्येच गाठलं. गाठोडी कुठे भरलीस?

"रिंगरोडवर, अम्मा. दसऱ्याच्या गर्दीत लॉण्ड्रीवर कोण बोलावतं? त्यांचा टेम्पो येतो, माल आमच्या गाडीत टाकतो आणि जातो."

"कुठून येतो टेम्पो?"

"मी येतो तेव्हा उभाच असतो." तो माळेतली फुलं विनाकारण तोडत राहिला. मग हळूच म्हणाला, "एक गाठोडं जड लागलं अम्मा. उचलताना आतून श्वास लागल्यासारखं वाटलं. मी वरती दुसरं काही ठेवलं नाही, एवढंच केलं. बोलायचं धाडस झालं नाही."

त्याची नोकरी श्रीहरीच्या आणि श्रीहरीचा धंदा शंभूरावांच्या मर्जीवर आहे हे मला माहीत होतं, तरी मला त्याचा राग आला. आणि त्याने वर दुसरं गाठोडं ठेवलं नाही म्हणून हातही जोडावेसे वाटले.

४

कोठीत परत आले. सुकमनी उठून भिंतीशी उभी होती, आणि ज्या चादरीवर ती बसली होती तिच्यावर पावलांचे लालसर ठसे उमटले होते.

पहिल्यांदा मला वाटलं, कोहळ्याचं लाल. दारात सगळ्यांचेच पाय लाल होते. पण ही मुलगी गाठोड्यातून आली आणि गाठ मी स्वतः सोडली. तिचा पाय आमच्या फाटकाला लागलाच नव्हता. मग पाय रंगले कुठे?

व्हॅनच्या चाकाखाली ठेवायला आणलेली चार-दोन लिंबं उरली होती. एक कापून मी माझ्याच चपलेच्या तळाला चोळलं. लाल डाग तिथल्या तिथे पिवळा झाला. हळद चुन्याने लाल होते आणि आंबटाने पुन्हा पिवळी, हे आमच्याकडे स्वयंपाकघरातसुद्धा ठाऊक असतं. मग चादरीवरच्या ठशावर लिंबू पिळलं. ठसा गुलाबीच राहिला. जोर लावून चोळलं तरी तसाच.

मी चादर हातात घेतली. शिवणीत अजून ओल होती. आणि कापड मऊ होतं, गाल टेकवावा असं.

"अक्का, आत काय करते आहेस? पानं मांडलीत." श्रीहरी दाराशी आला, आणि सुकमनीला बघून जागीच थांबला.

मी चार वाक्यांत सांगितलं. तो पाटावर बसावं तसा गाठोड्यावर बसला.

"उद्या जंबूसवारी आहे," तो म्हणाला. "सगळे लॉज फुल्ल. उद्या चादरी नाही दिल्या तर वर्षभराची कामं गेली. हिला दोन दिवस वर ठेवू अक्का. नागरत्ना बघेल. दसरा होऊ दे, मग मीच बोलतो शंभूरावांशी."

"आणि हिची बहीण?"

तो गाठोड्याची गाठ चाचपू लागला.

"श्रीहरी, तुला माहीत होतं?"

"नाही." मग तो म्हणाला, "आज मागितलं की उद्या पहाटे चादरी दारात. एवढ्या लवकर कशा होतात, ते मी कधी विचारलं नाही."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. लहानपणी दिलीही असती. "त्यांना जेवत ठेव," मी म्हणाले. "तेवढं तरी कर."

तो पुढे गेला. तो शंभूरावांना जेवत ठेवेल की सावध करेल, हे माझ्या सख्ख्या भावाबद्दल मला सांगता येत नव्हतं.

५

शंभूराव पानावर प्रसन्न बसले होते. कपाळावर गंध, खांद्यावर जरीचं उपरणं. मी तुपाचं भांडं उचललं आणि वाढायला वाकले.

"साकु, भानुमती, पुरे."

"एवढ्यात साकु कसं? उद्याच्या गर्दीसाठी मशीनी रात्रभर चालल्या असतील. दमला असाल."

ते दुखावल्यासारखे हसले. "आयुधपूजेला मशीन चालवणारा रंगारी बघितलास काय ग तू? काल दुपारीच मेन स्विच खाली. मशीनी धुतल्या, गंध लावलं, बायकांना साड्या देऊन घरी पाठवलं."

"मग आजचा माल?"

"परवाचा. वाळवून, इस्त्री करून ठेवलेला."

शिवणीतली ओल अजून माझ्या बोटांना जाणवत होती. मी दुसरा ओबट्टू वाढला. "चादरी फार मऊ येतात हल्ली तुमच्याकडून. पाणी चांगलं लागलं वाटतं?"

"कसलं चांगलं. बोअरचं पाणी, नुसता चुना. साबणाला फेस नाही, मशीनला पांढरी खपली धरते." मग घाईने म्हणाले, "औषध घालतो आता पाण्यात. महागाचं."

श्रीहरी समोर बसून भात कालवत होता, पण घास तोंडात जात नव्हता. शंभूरावांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे.

मी बसत बसत सुस्कारा सोडला. "मला आपली जुनी आयुधपूजा आठवते. आजोबा देवराज मोहल्ल्यातल्या कारखान्यात रंगाच्या हौदांना, विहिरीला माळा घालायचे. तुमचा कारखाना आमच्या भिंतीला भिंत लावून. आमचा विकला. तुमचा आहे ना अजून?"

"आहे म्हणजे काय, पडलाय." त्यांनी पायसाची वाटी बाजूला सारली. "कुलूप लागून वर्षं झाली. मी पाऊल टाकलं नाही तिथे. विंचू फार."

आणि त्यांनी घड्याळात बघितलं. "श्रीहरी, मला निघायला हवं आता."

६

"ताक घेतल्याशिवाय कसं निघणार?" म्हणत नागरत्ना पुढे झाली. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण तिने माझा चेहरा वाचला असावा. मी त्या ताकाच्या आडोशाने बाहेर पायरीवर आले.

शंभूरावांच्या चपला ओळीत सर्वांत पुढे होत्या. अध्यक्षांच्या चपला आमच्या समाजात कोणी मागे सरकवत नाही. मी एक उलटी केली आणि उरलेलं लिंबू पिळलं. फाटकातल्या चिखलाचं लाल भराभर पिवळं झालं. पण खालच्या खाचांत एक गुलाबी रेघ जशीच्या तशी राहिली, सुकमनीच्या ठशांसारखीच.

मग सगळं एकदम उलगडलं आणि मला भीतीच वाटली, कारण ते इतक्या जवळ होतं.

मशीनी कालपासून बंद, तरी चादरी ओल्या, म्हणजे आज पहाटेपर्यंत कोणीतरी हातांनी धूत होतं. बोअरच्या पाण्यात धुतलेलं कापड खरखरीत येतं, आणि औषधाची सबब त्यांना मागाहून सुचली होती. हे मऊ होतं, म्हणजे धुणं लॉण्ड्रीत नाही, गोड्या पाण्यावर झालं. आणि तो रंग. मी रंगाऱ्याची नात आहे. आमच्या लहानपणी कारखान्याच्या ओल्या फरशीवर पळालं की आठवडाभर पाय गुलाबी राहायचे. राणी रंग दगडाच्या सांध्यांत एकदा मुरला की पाणी लागेल तेव्हा थोडा थोडा सुटत राहतो. मोहल्ल्यात तसली फरशी आणि गोड्या पाण्याची विहीर आता एकाच ठिकाणी उरली आहे. तिथे पाऊल टाकलं नाही म्हणणाऱ्या माणसाची चप्पल आज तिथून ओली होऊन आली होती.

मी सहनाला फोन केला. "देवराज मोहल्ला. महिंद्रकरांचा जुना रंगाचा कारखाना."

"नक्की मिस?"

"नक्की," मी म्हणाले.

चप्पल पिशवीत घातली आणि रिक्षा धरली. मागे शंभूरावांचा हात धुतानाचा आवाज ऐकू येत होता.

७

मोहल्ल्यातली शिंप्यांची दुकानं बंद होती. काचेआड मशीनींना माळा घातलेल्या. सहना दोन कॉन्स्टेबल घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी होती.

कारखान्याच्या दाराला मोठं कुलूप होतं, गंजलेलं. त्यावर कोळ्याचं जाळं, तेही जुनं. हे दार खरोखरच कित्येक दिवसांत उघडलं नव्हतं.

सहनाने माझ्याकडे बघितलं. मी चुकले असेन तर एक मुलगी, जिने बहिणीसाठी बाहेर राहून गाठ मारली, ती कायमची गेली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. श्रीहरी होता.

"अक्का, ते उठलेत. एक चप्पल सापडेना म्हणून अनवाणीच निघालेत. गाडीत बसले. मला विचारतायत, भानुमती कुठे गेली?"

"तू काय सांगितलंस?"

उत्तराऐवजी मला इंजिनचा आवाज ऐकू आला, मग नरसिंहमूर्तीचं ओरडणं आणि शंभूरावांचा हॉर्न. "पूजेची व्हॅन फाटकात आडवी लावायला सांगितली," श्रीहरी म्हणाला. त्याचा श्वास फुलला होता. "आजच्या दिवशी गाडी सुरू केली, नागरत्ना मला सोडणार नाही. फोन मी त्यांच्या हातातून काढून घेतलाय. तू दार उघड अक्का. लवकर."

मी वाकून गटार बघितलं. सुट्टीच्या दिवशी, सगळी गल्ली बंद असताना, त्यातून साबणाचा फेस वाहत होता. सहनालाही तो दिसला. फेसाच्या मागोमाग आम्ही शेजारच्या बोळातून मागे गेलो. तिथे पत्र्याचं एक दार होतं, त्याला नवं, तेल दिलेलं कुलूप. बाजूला एक माणूस विडी ओढत बसला होता. तो पोलिसांना बघून उठला, पण कॉन्स्टेबलने त्याला पळू दिलं नाही.

त्याच्याकडच्या किल्लीने दार उघडलं. बायका हौदाभोवती वाकून धूत होत्या, पायाखालची फरशी गुलाबी. आम्हाला बघून एकीनेही हात थांबवला नाही. थांबायला कोणी सांगितलं नव्हतं ना.

"सुकमनी की बहिन कौन?" मी विचारलं.

पुढे गेले तेव्हा कोपऱ्यातली एक पोर चादर छातीशी धरून भिंतीत शिरायला लागली. सोळाचीही नसेल. मी नागरत्नाला फोन लावला, सुकमनीला द्यायला सांगितलं आणि फोन त्या पोरीच्या कानाशी धरला. पलीकडून काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, ती भाषा त्यांची होती. पोरीच्या हातातली चादर खाली पडली आणि ती माझ्या अंगावर कोसळून रडायला लागली. मीही रडले. सहनाने तोंड फिरवलं.

८

शंभूरावांना आमच्याच फाटकातून नेलं. जाताना ते श्रीहरीला म्हणाले, "समाजात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." सहनाने श्रीहरीचाही जबाब घेतला. त्याने तिला सांगितलं की घाई आपली होती, आणि विचारलं नाही तेही आपणच. उद्या त्याच्यावर काय येईल ते मला माहीत नाही. मी त्याच्यासाठी रदबदली केली नाही, आणि त्यानेही ती मागितली नाही.

बाकीच्या बायकांची सोय सरकारी वसतिगृहात झाली. दोघी बहिणींना संध्याकाळपर्यंत आमच्याकडे राहू दे, असं सहना म्हणाली. त्या जेवल्या, एकमेकींच्या हातांना नागरत्नाने दिलेलं खोबरेल लावलं, आणि बसल्या जागी पेंगू लागल्या. नागरत्नाने माजघरात गादी घातली, कपाटातली कोरी पांढरी चादर झटकून वर पसरली आणि म्हणाली, "निजा ग."

आम्ही दार लोटून बाहेर आलो. थोड्या वेळाने श्रीहरी पाण्याचा तांब्या ठेवायला म्हणून आत डोकावला आणि तिथेच थांबला. मीही मागून बघितलं.

गादी रिकामी होती. चादर काढून, चार पदरी घडी करून, उशाला नीट ठेवलेली. दोघी शेजारच्या उघड्या फरशीवर एकमेकींना बिलगून झोपल्या होत्या. धाकटीला आमची चाहूल लागली असावी. डोळे न उघडताच ती म्हणाली, "सोएँगे तो मैली होगी. फिर कोई धोएगा."

श्रीहरीने तांब्या उंबऱ्याशी ठेवला. त्याच्या खिशात फोन वाजला. गोकुळम्‌च्या लॉजचा मालक होता. उद्या पहाटे चादरी नक्की ना, एवढंच त्याला हवं होतं.

"नाही," श्रीहरी म्हणाला. "उद्या चादरी येणार नाहीत. आणि का येणार नाहीत, तेही ऐकून घ्या."

त्याने माजघराचं दार हळूच ओढून घेतलं, पायरीवर बसला, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.